गार दुधाचा वास

सभागृहाच्या दारातच थोरलीचं डोकं उठलं. कुणीतरी गुलाबाच्या वासाचा फवारा मारला होता. पडद्यांवर मारला होता, खुर्च्यांवर मारला होता, टेबलावरच्या कागदी फुलांनासुद्धा सोडलं नव्हतं. ज्या दूध कारखान्यात तिनं केसांत गजरा घालून आलेल्या पोरींना फाटकातून परत पाठवलं, सुगंधी तेल लावून आलेल्या पुरुषांना नळाखाली डोकं धरायला लावलं, त्याच कारखान्यात, आणि तेही तिच्या निरोपाच्या दिवशी, हा घमघमाट.

"हा उद्योग कुणाचा?" तिनं शिपायाला विचारलं.

"धाकट्या बाईंनी सांगितलं. पाहुणे यायचेत ना. छान वाटतंय की नाही?"

"मेलेल्या उंदरावर पावडर मारल्यासारखं वाटतंय."

शिपाई खो खो हसला. त्याला थोरलीच्या तोंडाची सवय होती. तिच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. फवारा मारायला धाकटीनं सांगितलं? धाकटीनं?

या दोघींना कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. थोरली म्हणजे इथली मुख्य, आज संध्याकाळी निवृत्त होणारी. धाकटी म्हणजे तिची दुय्यम, उद्यापासून मुख्य. एकाच घरात दिलेल्या जावा असाव्यात तशी नावं पडली होती, आणि जावांसारखं भांडून त्यांनी ती खरीही करून दाखवली होती. पण वासाच्या बाबतीत दोघींचं कधी वाजलं नाही. दुधाजवळ दुसरा वास नको, हे थोरलीनं एकदा सांगितलं आणि धाकटीनं शंभरदा पाळलं.

थोरली इथं आली तेव्हा कोवळी पोर होती. काम मिळालं ते कॅन धुण्याचं. परत आलेल्या कॅनच्या तळाशी जे उरतं त्याला दूध म्हणत नाहीत. पिवळट, बुळबुळीत, बोटानं उचललं तर तार धरणारं. दिवसभर उन्हात तापलेलं. तिनं पहिल्याच कॅनचं झाकण उघडलं आणि तिथल्या तिथं ओकली.

"कितवा महिना गं?" शेजारचीनं विचारलं, आणि सगळ्या बाया हसून लोटपोट झाल्या. तिचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

म्हातारा मुकादम आवाज ऐकून आला. आता आपली उचलबांगडी होणार म्हणून ती तोंड पुसत उभी राहिली. मुकादमानं एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाला, "हिला उद्यापासून धक्क्यावर उभी करा. तुम्हा सगळ्यांची नाकं मेलीत. हिचं अजून जिवंत आहे."

धक्का म्हणजे दूध उतरायची जागा. तिथं उभं राहून झाकण उचलायचं आणि दुधाचा नव्हे, झाकणाचा वास घ्यायचा. कारण वास वर चढतो आणि झाकणाखाली दबा धरून बसतो. पोटात ढवळलं की कॅन बाजूला, नाही ढवळलं की आत. एवढंच काम. लोक हातांच्या कष्टाचं खातात, मी मळमळीचं खाते, असं ती सांगायची. आणि त्यात खोटं काही नव्हतं. दूध म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. साय पाहिली की मान फिरायची. चहा बिनदुधाचा. सासू सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटायची, "आमची सून दिवसभर दुधात लोळते आणि घरी दुधाच्या भांड्याला चिमट्यानं धरते." नवरा दारातूनच ओरडायचा, "आधी आंघोळ, मग संसार!"

मुलगी अंगावर पीत होती तेव्हाच ती कामावर परतली. धक्क्यावर कॅनचा खणखणाट सुरू झाला की, का कोण जाणे, तिला पान्हा फुटायचा. ब्लाऊज भिजायचा, दुपारपर्यंत आंबायचा. स्वतःच्याच अंगाची शिसारी यायची. बॉयलरच्या मागच्या खोलीत जाऊन, डोळे मिटून ती दूध पिळून टाकायची आणि परत येऊन झाकणं उचलायची. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मुलगी आंघोळीची वाटच पाहायची नाही. त्या आंबूस ब्लाऊजमध्येच तोंड खुपसायची आणि असा एक समाधानाचा सुस्कारा टाकायची, की जगात याहून चांगला वास नाहीच. थोरली तिच्या टाळूवर ओठ टेकून उभी राहायची. मळमळ जायची कुठं, ते तिला कधी समजलं नाही.

एका उन्हाळ्यात नासायला आलेला टँकर त्या वेळच्या साहेबांनी आत घ्यायला सांगितला. ती आडवी आली. साहेब म्हणाले, "दूध तपासायचं यंत्र बरोबर म्हणतंय. तू कोण?"

"मग एक ग्लास प्या की साहेब."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. ते खिशात गेलेले हात तिला जन्मभर दिसत राहिले. त्या एका वाक्यापायी तिला परत कॅन धुवायला बसवलं. पण पाणी वाट काढतंच. मुकादमीण झाली, मग पाळीची प्रमुख, मग दुय्यम. आणि साहेबांच्या खुर्चीत ती स्वतः बसली तेव्हा पहिला हुकूम काढला तो हा: ज्याची सही, त्याचा ग्लास. टाकी भरली की सही करणाऱ्यानं त्यातलं ग्लासभर दूध सगळ्यांसमोर आधी हुंगायचं, मग प्यायचं, मगच सही. सही झाल्याशिवाय पिशव्या भरायच्या नाहीत.

सही तिचीच असायची. म्हणजे जिला दुधाची किळस, ती बाई रोज एक ग्लास दूध पीत आली. चांगलं दूधही घशाखाली ढकलावं लागे. मग वाईट दुधाची काय टाप होती आत शिरायची? गावोगावी दूध गोळा करायची नवीन केंद्रं उघडली, बायकांच्या हातात दिली, टँकर वाढले, यंत्रं आली, बक्षिसं आली. ग्लास तोच राहिला.

धाकटीला तिनंच निवडलं होतं. परीक्षा एकच. शिळ्या कॅनचं झाकण प्रत्येकीच्या नाकाखाली धरायचं. "थोडा वास येतोय," एक म्हणाली. "चालेल," दुसरी म्हणाली. धाकटी काही म्हणालीच नाही, गटाराकडे धावली. ती पाठमोरी वाकलेली पोर बघून थोरलीला असा उमाळा आला, की हसावं की रडावं.

"आई, इकडे." पहिल्या रांगेतून मुलीनं हाक मारली. तिच्या मांडीवर वर्षाची नात, हातातली टोपी चावत बसलेली. मुलीनं पिशवी उघडून दाखवली. "जाताना आजचं ताजं दूध नेणार आहे. आजपासून हिला वरचं दूध सुरू करायचंय. म्हटलं पहिलं दूध आजीच्या सहीचं."

नातीनं थोरलीच्या खांद्यावर झेप घेतली आणि लगेच तोंडातून पांढरी गुळणी टाकली. नव्या साडीवर. मुलगी "अगंबाई!" करत रुमाल शोधू लागली. थोरली म्हणाली, "असू दे गं." तो आंबूस वास नाकात जाऊनही तिच्या पोटात काही हललं नाही.

समारंभ सुरू झाला. शेवटची सही मंचावरच करायची, ही अध्यक्षांची कल्पना. सकाळी भरलेली मोठी टाकी तशीच थांबवली होती. पिशव्या भरायची यंत्रं थांबली होती, गाड्या फाटकाशी लागल्या होत्या. सही झाली की दूध भरलं जाणार आणि दिवे लागायच्या आत घरोघर पोचणार.

धाकटी स्वतः भरलेला ग्लास आणि दुधाचा जग घेऊन आली. काचेवर दव जमून थेंब ओघळत होते.

"इतकं गार?"

"उन्हाळा आहे, बाई. पाहुण्यांसमोर कोमट कसं देणार?" धाकटी ग्लासाकडे बघत म्हणाली. थोरलीकडे बघितलंच नाही. जग टेबलावर ठेवून ती मागे सरकली.

थोरलीनं धाकटीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच: गार दूध खोटं बोलतं. अंगाच्या उबेला आलं की खरं सांगायला लागतं. आणि आज त्याच पोरीनं बर्फासारखं गार दूध, गुलाबाच्या फवाऱ्यात, तिच्या हातात दिलं होतं.

थोरलीनं ग्लास ओंजळीत घट्ट धरला आणि मांडीवर घेऊन बसली.

अध्यक्ष उठले. हा माणूस बोलायला उभा राहिला की दूध विरजून दही होईल, असं कारखान्यात म्हणत. एरवी थोरलीला त्याचा वैताग यायचा. आज ती मनात म्हणाली, बोल बाबा, बोल. जितकं बोलशील तितकं हे तापेल.

"दुधासारखी शुभ्र कारकीर्द!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या.

नासकं दूधही तितकंच शुभ्र असतं, थोरलीला वाटलं. काचेचं दव तिच्या तळव्यांत विरघळत होतं.

"बाईंचं नाक म्हणजे आपल्या कारखान्याची शान! या नाकावर यांनी कधी माशी बसू दिली नाही!" हशा. टाळ्या. मागच्या रांगेतून कुणीतरी, "आणि आमच्याही नाही!" परत हशा.

ग्लास गार राहिला नव्हता. आधी दुधाचा साधा, ओला वास आला. त्यानं नेहमीसारखं पोटात ढवळलं, ते ओळखीचं होतं. मग त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. साबणाचं. फडकं दिवसभर बादलीत पडून राहावं तसं. सोडा. दूध आंबलं की त्यात सोडा टाकतात. आंबटपणा दबतो, यंत्र फसतं, दूध तापवलं तरी फाटत नाही. पण जिभेमागं आणि नाकाच्या मुळाशी ती साबणाची चिकट पुटं बसतातच. कुजलेल्यावर धुतलेला मुखवटा.

थोरलीचं तोंड लाळेनं भरलं. तिला दुधाची किळस नवी नव्हती. पण समोर टाळ्या पिटणाऱ्या हातांची किळस आली. अध्यक्षांच्या तोंडातल्या "शुभ्र" या शब्दाची आली. गुलाबाची तर आधीच आली होती. आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, मुलीसारख्या वाढवलेल्या त्या पोरीची आली, आणि ती इतकी आली, की थोरलीला वाटलं, इथंच, मंचावर, सगळ्यांदेखत बाहेर पडणार.

एक घोट. एका घोटाचं काम होतं. डोळे मिटून गिळायचं, सही करायची, भेट म्हणून येणारं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून घरी जायचं. कुणाला कळणार होतं? पण समोर नात टोपी चावत होती आणि तिच्या आईची पिशवी उघडी होती.

"आता बाईंनी आपला शेवटचा ग्लास घ्यावा!" अध्यक्ष म्हणाले.

थोरली उठली. "माझा काल शेवटचा झाला. आजचं दूध ज्या टाकीत आहे ती टाकी सकाळी धाकटीनं भरून घेतली. मग ग्लास तिचा आणि सहीही तिचीच. ये गं."

लोकांना ते फार आवडलं. कारभार असा हसत हसत सोपवणारी बाई! टाळ्यांच्या पावसात धाकटी पुढे आली. चेहरा पांढरा. तिनं ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

हुंगलं नाही. आधी नाक, मग तोंड. कधी न चुकणारी पोर आज नाक चुकवून प्यायली. लहान मुलं कडू औषध पितात तशी, श्वास आतून बंद करून. म्हणजे तिला माहीत होतं. तिचं नाक मेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते जिवंत होतं आणि तिनं त्याचा गळा दाबला होता.

धाकटीनं पेन उचललं. थोरलीनं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं टेबलावरचा जग उचलला आणि माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सही थांबव. माझ्याबरोबर चल." मग मोठ्यानं, "आलोच हं, बायकांची कामं!" सभागृह हसलं. अध्यक्षांनी एक विनोद सुरू केला.

कॅन धुवायची जुनी खोली मागच्या अंगणात होती. तिथं फवारा पोचला नव्हता. भिंतींत मुरलेला तोच जुना, पिवळट वास. थोरलीनं दार लोटलं.

"कधी कळलं?"

"सकाळी. टँकर उघडला तेव्हाच."

"मग?"

"केंद्रावरचं गार करायचं यंत्र बंद पडलं होतं, बाई. टँकर परत पाठवला असता तर आज घरोघर दूध कमी पडलं असतं. आजच. तुमच्या दिवशी. लोक काय म्हणाले असते?"

"म्हणून सोडा."

"थोडासाच. बाकी दूध चांगलं होतं. त्यात मिसळलं की कळत नाही."

"कुणाला कळत नाही?"

धाकटी एकदम रडवेली होऊन म्हणाली, "तुमच्यासाठीच केलं ना, बाई! तुमच्या कार्यक्रमाला गालबोट नको म्हणून!"

आता थोरलीला खरं मळमळलं. तिला भिंत धरावी लागली. इतकी वर्षं झाकणांखाली जे शोधलं ते असं साडी नेसून, डोळ्यांत पाणी आणून समोर उभं राहील आणि म्हणेल, तुमच्यासाठी. आणि हे सगळं प्रेमानं केलेलं. प्रेमाचा सोडा.

तिनं फळीवरचा एक ग्लास उचलून त्यात जगमधलं दूध ओतलं आणि तो धाकटीच्या हातात दिला. "पिऊ नको. धर नुसता. ओंजळीत."

"बाई, नको."

"धर म्हटलं ना."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. नळ गळत होता. पलीकडून अध्यक्षांच्या विनोदावर लोक हसल्याचा आवाज आला, विरला, परत आला. धाकटीनं ग्लास सोडला नाही.

"आता हुंग. श्वास घेऊन."

धाकटीनं ग्लास नाकाशी नेला. क्षणभर काहीच झालं नाही. थोरली मनात म्हणाली, गेलं वाटतं. या पोरीचंही गेलं. मग धाकटीच्या गळ्याशी काहीतरी वर उसळलं. ग्लास फरशीवर फुटला. ती मोरीकडे वळली आणि ओकली. प्यायलेलं सगळं, सकाळचं सगळं, आणि मग काही उरलं नाही तरीही.

थोरलीनं मागून तिचं कपाळ धरलं. आजारी लेकराचं धरावं तसं, तळव्यात अख्खं. दुसऱ्या हातानं तिचे केस मागे घेतले. "येऊ दे," ती म्हणत राहिली. "येऊ दे सगळं. शाबास. माझी बाय ती." घाण तिच्या हातावर उडाली. तिनं हात काढला नाही.

तोंड धुऊन धाकटी सरळ उभी राहिली तेव्हा दारात अध्यक्ष होते. "काय चाललंय काय? गाड्या थांबल्यात, पाहुणे थांबलेत. सही करून टाका!"

"सही होणार नाही, साहेब," धाकटी म्हणाली. आवाज घोगरा होता. "टाकी ओतून देतेय."

"अख्खी टाकी? डोकं ठिकाणावर आहे का? लोकांना सांगू काय?"

"सांगा, आज दूध नाही. माझ्यामुळे नाही, असं सांगितलंत तरी चालेल, ते खरंच आहे." तिनं जग उचलून त्यांच्यापुढे धरला. "नाहीतर हे प्या. प्यायलात तर सही तुम्ही करा, टाकी तुमची."

अध्यक्षांनी दोन्ही हात खिशात घातले.

थोरलीनं ते पाहिलं आणि तिला हसूही आलं नाही. माणसं बदलली, खिसे तेच.

टाकीखालची झडप उघडायला दोघींनी जोर लावला. दूध सांडपाण्याच्या नाल्यात फेसाळत पडू लागलं, आणि वाफाळत्या दुपारी त्याचा तो साबणाचा, कुजका दर्प आवारभर पसरला. सभागृहातून बाहेर आलेल्या पाहुण्यांनी रुमाल लावले. धक्क्यावरच्या पोरी नाकाला हात न लावता उभ्या होत्या. थोरली त्यांची तोंडं एकेक करून बघत होती. कोण पांढरी पडतेय, कोण गिळतेय.

"बाई," धाकटी पुटपुटली. "उद्या परत यंत्र बंद पडलं तर?"

"तर परत ओकशील."

"आणि नाही ओकले तर?"

थोरली परत धक्क्यावरच्या पोरींकडे बघू लागली.

मुलगी नातीला घेऊन चपला सावरत आली. सगळं बघून तिनं आपल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. "आई, मग हिला संध्याकाळी काय देऊ?"

"केळं कुस्करून दे," थोरली म्हणाली आणि हात पुढे केले. मग स्वतःच्या हातांकडे पाहून मागे घेतले, आणि नळाशी जाऊन, साबण लावून, कोपरापर्यंत चोळून चोळून धुऊ लागली. नात हाका मारत होती. हात नाकाशी नेले, परत साबण लावला.